रेषा, क्षेत्र आणि छटा : घरी घडविलेले शुभेच्छापत्र

दिवाळी तोंडावर आली, की आप्तेष्टांना स्वतःच्या हाताने केलेले शुभेच्छापत्र पाठवावे, अशी इच्छा पुष्कळांच्या मनात येते; परंतु कागद पुढ्यात घेण्यापूर्वीच एक शंका आड येते आणि बेत बारगळतो. ती शंका बहुधा सर्वांची एकच असते : ‘मला चित्र काढता येत नाही, तर मला हे कसे जमावे?’ शाळेतील चित्रकलेच्या तासाला ज्यांच्या वहीवर प्रशंसेचा शेरा कधी पडला नाही, अशी कितीतरी सुजाण माणसे पुढे आयुष्यभर अशी समजूत बाळगून असतात, की चित्रकला ही जन्मतः लाभणारी देणगी आहे आणि आपल्या वाट्याला ती आलेली नाही. ती समजूत दूर करणे, हेच या प्रकरणाचे प्रयोजन आहे. जे चित्र आपल्या डोळ्यांना एकसंध दिसते, त्यात वस्तुतः तीन निरनिराळी कामे एकत्र झालेली असतात. ती वेगळी काढून तीन साधनांकडे सोपविली, तर रेघ ओढताना ज्याचा हात कापतो त्यालाही डौलदार शुभेच्छापत्र सिद्ध करता येते. ठसा, स्टेन्सिल आणि रंगीत पेन्सिल ही ती तीन साधने होत, आणि त्यांच्या एकत्र उपयोगातून होणाऱ्या कामाला मिश्र माध्यम असे म्हणतात.

१. तीन कामांची वाटणी

पणतीचे एक साधे चित्र डोळ्यांसमोर आणा. पणतीचा काठ, तिचे फुगीर पोट, वात आणि ज्योत यांच्या कडा ज्या बारीक ओळींनी दाखविलेल्या असतात, त्या रेषा. पणतीच्या मागे जो जांभळा किंवा गडद निळा रंग पसरलेला असतो, किंवा जाळीसारखी नक्षी असते, ते रंगाने व्यापलेले क्षेत्र. आणि ज्योतीच्या गाभ्यातील पिवळा रंग टोकाकडे जाता जाता जो नारिंगी होतो, पणतीच्या पोटाखाली जो काळोख दाटतो, ती छटा. कसलेला चित्रकार ही तिन्ही कामे एकाच कुंचल्याने करतो. नवशिक्याची फजिती होते ती याच कारणाने, की तोही ती तिन्ही एकदम करू पाहतो.

आता साधनांचे गुण पाहा. ठसा एकदा नीट कोरला, की तीच रेषा तो शंभर वेळा बिनचूक उमटवितो, परंतु मोठे क्षेत्र त्याच्याकडे दिले तर शाई कोठे दाट, कोठे विरळ लागते. स्टेन्सिल मोठे क्षेत्र सारख्या रंगाने भरून देते, परंतु केसासारखी अखंड रेषा तिला साधत नाही. रंगीत पेन्सिल एका रंगातून दुसऱ्या रंगात हळुवार नेते, परंतु सबंध पृष्ठभूमी पेन्सिलीने भरायला बसलो तर वेळ फार जातो आणि फराटे दिसतात ते निराळेच. एकाची मर्यादा जेथे येते तेथे दुसऱ्याचा अंमल सुरू होतो. मिश्र माध्यमाचे सगळे रहस्य या एका वाक्यात आहे.

ही वाटणी आजची नव्हे. फ्रान्समधील एपिनाल या गावी १७९६ साली स्थापन झालेल्या पेलरँ यांच्या छापखान्यातून जी लोकप्रिय चित्रे बाहेर पडत, त्यांतील रेषा लाकडी ठशांनी छापीत आणि रंग स्टेन्सिलमधून भरीत. शुभेच्छापत्राच्या इतिहासाचा आरंभही याच रीतीशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीचे टपाल सुरू होऊन पत्रव्यवहार वाढला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक नाताळपत्र तयार करवून घेतले. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळपत्र म्हणून जे ओळखले जाते ते हेच, आणि त्यातील रेषा शिळाप्रेसवर छापलेली असून रंग मात्र हाताने भरलेला होता. रेषेसाठी यंत्र आणि रंगासाठी हात ही तडजोड, म्हणजे या कलेचा उगमच होय.

२. कागदाची निवड आणि मापे

कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी कागदाचा विचार केला पाहिजे, कारण पुढील सर्व कामांची भिस्त त्यावर आहे. कागदाचा जाडपणा दुकानात ‘जीएसएम’ या अक्षरांनी सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते, तो हा आकडा. लिहिण्याचा साधा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. तो शुभेच्छापत्राला चालत नाही, कारण रंग पाठीमागे फुटतो आणि पत्र उभे राहत नाही. २०० ते ३०० ग्रॅमची कार्डशीट घ्यावी. तिचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसावा, कारण पेन्सिलीला पकड हवी असते. फार खरखरीतही नसावा, कारण मग ठशाची रेषा तुटक उमटते. बोट फिरविले असता किंचित खर जाणवावी, इतपत पुरे.

ज्यांना हातकागद मिळेल त्यांनी तो अवश्य वापरून पाहावा. महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध जुना आहे : जुन्नरचा कागद आणि दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा कागद यांवर कित्येक दस्तऐवज लिहिले गेले, आणि १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागदाची संस्था काढून त्या विद्येला नवे आयुष्य दिले. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या या कागदाचे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे पेन्सिलीचे अनेक थर तो सहज सोसतो. मात्र त्यावर पातळ शाई पसरण्याचा संभव असतो, म्हणून आधी एका कोपऱ्यावर ठसा उमटवून पाहावा.

यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने निजलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ पडते. आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो आणि पांढरे ओरखडे दिसतात. दिशा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागद घडी न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवावा. ज्या बाजूने तो निमूट वाकेल, ती घडीची बाजू समजावी.

मापांचा हिशेब एकदा करून ठेवला म्हणजे पुढे चिंता नाही. ए-४ आकाराची कार्डशीट २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असते. लांबीच्या मध्यावर कापली, की जवळजवळ १४८ × २१० चे दोन तुकडे होतात. त्यांतील प्रत्येकाला २१० च्या मध्यावर, म्हणजे १०५ वर, घडी घातली, की १०५ × १४८ चे शुभेच्छापत्र तयार झाले. यासाठी ११४ × १६२ चे पाकीट घ्यावे. रुंदीत नऊ आणि लांबीत चौदा मिलिमीटर मोकळी जागा राहते आणि पत्र अडकत नाही. दहा जणांना पत्रे पाठवावयाची असतील, तर पाच कार्डशीट लागतील; परंतु सहावी घ्यावी, कारण शाईची, रंगाची आणि दाबाची परीक्षा त्याच कागदावर करावयाची असते. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाच्या टोकाने त्या जागी एक दाबरेघ ओढावी, म्हणजे घडी वाकडी जात नाही.

३. स्टेन्सिल : क्षेत्राचे साधन

स्टेन्सिल म्हणजे खिडक्या कापलेला आडपडदा. जेथे खिडकी आहे तेथे रंग कागदापर्यंत पोहोचतो. जेथे पडदा आहे तेथे अडतो. मानवाने हे तत्त्व फार प्राचीन काळी ओळखले. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीवर हात टेकवून त्याभोवती रंग फुंकल्याने उमटलेल्या हातांच्या आकृत्या आहेत, आणि त्यांतील एकीचे वय किमान ३९,९०० वर्षे ठरले आहे. मथुरा-वृंदावनाकडील सांझी कलेत कागदात कृष्णलीलेचे प्रसंग अतिशय नाजूकपणे कापून त्यांतून जमिनीवर रंग पाडतात. आपल्याकडे दारापुढे रांगोळीचे छाप टेकवून पांढरी शुभ्र नक्षी पाडतात, ती याच कुळातील.

स्टेन्सिल कापताना एक नियम ध्यानात ठेवला नाही, तर पहिलाच प्रयत्न फसतो. ‘ठ’ हे अक्षर कापावयाचे आहे असे समजा. त्याचा गोल बाहेरून कापला, आतून कापला, की मधला गोल तुकडा सुटून खाली पडतो आणि अक्षराऐवजी एक भोक उरते. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटाचीही तीच गत होते. म्हणून आतील तुकडा बाहेरच्या पडद्याशी जोडणारी एखाददुसरी अरुंद पट्टी न कापता राखावी लागते. तिला पूल म्हणावे. बाजारातील गोण्यांवर पत्र्याच्या छापाने रंगविलेली अक्षरे निरखून पाहिली, तर त्यांत ठिकठिकाणी तुटलेल्या जागा दिसतात. त्या या पुलांच्या होत. जपानी कारागीर कापडावर नक्षी पाडण्यासाठी तुतीच्या सालीच्या कागदाला फळाचा तुरट रस पाजून टिकाऊ स्टेन्सिली करीत, आणि नक्षी फार नाजूक असेल तेथे सुटे भाग रेशमाच्या धाग्यांनी तोलून धरीत. आपल्याला तितक्या कौशल्याची गरज नाही. परंतु नक्षी आखतानाच पुलांची तजवीज करावी आणि पूल तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये.

स्टेन्सिल कापण्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती पाण्याने भिजत नाही, धारदार कटरने स्वच्छ कापली जाते आणि पुसून वर्षानुवर्षे वापरता येते. आता रंग लावण्याविषयी. नवशिक्यांच्या स्टेन्सिलखाली रंग शिरून कडा फुगतात, याचे कारण एकच : रंग अतिशय ओला असतो. स्टेन्सिल आणि कागद यांमधील केसाएवढ्या फटीत ओला रंग आपोआप ओढला जातो. म्हणून स्पंजाचा लहान तुकडा घट्ट रंगात किंचित टेकवावा, मग रद्दीच्या कागदावर टिपून घ्यावा, आणि तो जवळजवळ कोरडा झाला असे वाटेल तेव्हाच स्टेन्सिलवर वरून खाली टिपत जावे. स्पंज आडवा घासू नये. घासला की तो कडेखाली रंग ढकलतो. एका खेपेस फिका रंग येतो. तो वाळू द्यावा आणि पुन्हा टिपावे. दोन फिके थर हे एका दाट थरापेक्षा नेहमी सरस ठरतात.

४. ठसा : रेषेचे साधन

ठशाच्या बाबतीत समजून घेण्याची पहिली गोष्ट अशी, की तो उलटा असतो. सिंधू संस्कृतीच्या काळी शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेल्या मुद्रांवर चिन्हे उलटी आहेत, कारण ओल्या मातीवर ती सुलटी उमटावी असा हेतू होता. मराठेशाहीच्या दफ्तरांतील पत्रांच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकुराच्या शेवटी मोर्तब उमटविण्याची वहिवाट होती. मोर्तब झाले, म्हणजे त्याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा तो बंदोबस्त असे. सत्तेची खूण उमटविणारा तो ठसा आणि आपल्या पणतीचा ठसा यांचे तत्त्व एकच आहे.

ठसा घडविण्यास खोडरबर पुरेसे आहे. त्याची पद्धत बारकाईने सांगतो, कारण या सर्व उद्योगात आनंद देणारा भाग हाच आहे. प्रथम ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने पणतीची आकृती सुलटी काढावी. कोणत्याही छापील चित्रावरून उतरवून घेतली तरी चालेल. मग तो कागद रेषांची बाजू खाली करून खोडरबरावर ठेवावा आणि पाठीवरून नखाने घासावे. पेन्सिलीचे शिसे रबराला चिकटते आणि आकृती तेथे उलटी उतरते. ठसा कागदावर टेकवला, की ती पुन्हा सुलटी होते. याचा अर्थ असा, की ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे कोरावयाची असली, तरी उलटे लिहिण्याची यातायात करावी लागत नाही. दोन उलट्यांचे मिळून एक सुलटे होते.

कोरताना रेषा राखावयाची असते आणि रेषेबाहेरचे रबर काढावयाचे असते. कटरचे पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे, म्हणजे रेषेचा तळ माथ्यापेक्षा रुंद राहतो. पाते उलट कलले, तर रेषेखालचे रबर पोखरले जाते आणि ठसा दाबताच ती रेषा आडवी होऊन दुहेरी उमटते. दोन मिलिमीटर खोली पुरे होते. पणतीच्या गोलाईवर पाते फिरविण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाते स्थिर धरून दुसऱ्या हाताने रबरच सावकाश फिरवीत न्यावे, म्हणजे वळण गुळगुळीत येते. कोरणारी बोटे पात्याच्या मागे असावीत, पुढे कधीही नसावीत, आणि मुले हे काम करीत असतील तर मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

लहान मुलांसाठी पाते नकोच. भेंडी आडवी कापली, की पाच पाकळ्यांच्या फुलाचा ठसा आयता मिळतो. बटाट्याचाही उत्तम ठसा होतो, परंतु कापल्याबरोबर तो रंगात बुडविला तर त्याच्या पाण्याने रंग पातळ होतो. म्हणून कापलेली बाजू फडक्यावर टेकवून आधी कोरडी करावी.

ठसा उमटविताना स्टॅम्पपॅडवर तो हलक्या हाताने दोनतीनदा टिपावा; जोराने दाबल्यास शाई खाचांत शिरते. कागदावर ठेवल्यावर मात्र वरून सर्व बाजूंनी सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. खुर्चीवर बसून हात तिरका पडतो. उभे राहून दाबले तर दाब सरळ येतो.

५. शाईचे दोन प्रकार

शाईतील रंग दोन प्रकारचा असतो. एकात रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेले असते. ही शाई तंतूंत झिरपते, लवकर वाळते, परंतु पाणी लागले की बहुधा पसरते आणि उन्हात लवकर फिकट होते. दुसऱ्यात रंगाची अतिसूक्ष्म भुकटी न विरघळता तरंगत असते. ती कागदाच्या वर बसते, वाळण्यास वेळ घेते, परंतु टिकाऊ असते. कचेऱ्यांतील जांभळ्या स्टॅम्पपॅडची शाई बहुधा पहिल्या जातीची असते. ठशाच्या रेषेवर केवळ कोरड्या पेन्सिली वापरावयाच्या असतील, तर कोणतीही वाळलेली शाई चालते. परंतु पाण्याने विरघळणाऱ्या पेन्सिली वापरून वर ओला कुंचला फिरवावयाचा असेल, तर पाण्याने न पसरणारीच शाई पाहिजे. परीक्षा अशी : सहाव्या कार्डशीटवर ठसा उमटवा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यावर ओले बोट फिरवा. बोटाला रंग लागला, की निकाल मिळाला.

६. रंगीत पेन्सिल : छटेचे साधन

काळ्या पेन्सिलीचे शिसे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे असते आणि ते भट्टीत भाजलेले असते. रंगीत पेन्सिलीचे शिसे रंगाची भुकटी, पांढऱ्या मातीसारखे भरणद्रव्य आणि मेण किंवा तेल यांचे असते, आणि ते भाजीत नाहीत, कारण भट्टीत मेण वितळून जाईल आणि पुष्कळसे रंग बिघडतील. या एका फरकातून रंगीत पेन्सिलीचे सारे वर्तन समजते. ती मऊ असते. खाली पडली तर आतल्या आत तुटते आणि मग टोक काढताना तुकडे गळून पडतात. खोडरबराने तिची रेघ पुरती जात नाही, कारण मेण तंतूंना धरून बसते. मेणाचे थर फार दाट झाले, तर काही दिवसांनी वर पांढुरका तवंग येतो. तो मऊ फडक्याने पुसता येतो. पाण्याने विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली स्वित्झर्लंडच्या कारां दाश या कारखान्याने १९३१ साली बाजारात आणल्या. त्याच साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाई करण्याचा उद्योग सुरू केला. त्याचीच पुढे कॅमलिन झाली आणि मराठी घरांतील मुलांच्या हाती रंगपेट्या आल्या.

कागदाच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिल हलकी फिरविली, की उंचवट्यांनाच रंग लागतो आणि खळगे पांढरे राहतात. नवशिका त्या पांढऱ्या कणांना घाबरून जोराने दाबतो. उंचवटे चेपले जातात, पृष्ठ तुळतुळीत होते आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. म्हणून अगदी हलक्या हाताने, दर वेळी दिशा बदलून, थरावर थर द्यावे, आणि जोराचा दाब शेवटच्या थरासाठी राखून ठेवावा. त्या शेवटच्या दाबाने रंग खळग्यांत उतरतो आणि सगळे थर एकजीव होतात. फिक्याकडून गडदाकडे जावे. गडद हलका करता येत नाही.

ज्योत रंगविण्याचे उदाहरण घेऊ. ज्योतीचा गाभा कोराच ठेवावा. कागदाचा पांढरेपणा हाच तेथील सर्वांत तेजस्वी रंग होय. त्याभोवती फिका पिवळा, बाहेरच्या तृतीयांश भागावर नारिंगी, आणि टोकाला तांबड्याचा केवळ स्पर्श द्यावा. मग पुन्हा पिवळी पेन्सिल घेऊन नारिंगीच्या सीमेवरून फिरवावी, म्हणजे कोठे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो हे कळेनासे होते. पणतीचे पोट नारिंगी-तपकिरी करावे, आणि सावलीसाठी काळी पेन्सिल न घेता गडद निळी घ्यावी. नारिंगीवर निळा हलकेच फिरला, की दोन्ही एकमेकांना मावळवून मातीच्या भांड्यावर पडते तशी ऊबदार सावली तयार करतात. काळ्याने ती सावली मळकट दिसते.

७. क्रमाचा विचार

साधने कळली, आता कोणते आधी आणि कोणते मागून, हा प्रश्न उरला. अंगण सारवल्यावाचून रांगोळी उठत नाही, ठिपके मांडल्यावाचून रेषा ओढता येत नाहीत, रेषांची घरे झाल्यावाचून रंग भरता येत नाहीत आणि हळदकुंकू वाहावयाचे ते सर्वांच्या शेवटी. आपल्या आजीने हा क्रम कोणत्याही ग्रंथावाचून पाळला, आणि शुभेच्छापत्राचा क्रमही तोच आहे. सारवण म्हणजे स्टेन्सिलने भरलेले क्षेत्र, रेषा म्हणजे ठसा, रंग भरणे म्हणजे पेन्सिल.

या क्रमाला सबळ कारण आहे. पेन्सिलीत मेण असते आणि मेण पाण्याला झिडकारते. पेन्सिलीने रंगविलेल्या जागेवर पाण्याच्या शाईचा ठसा उमटविला, तर शाई थेंबाथेंबांनी गोळा होते आणि रेषा तुटते. उलट, वाळलेल्या रंगावर ठसा आणि वाळलेल्या ठशावर पेन्सिल हे विनातक्रार बसते. दोन टप्प्यांमध्ये वाळण्यास पुरता वेळ देणे, एवढेच पथ्य आहे.

पृष्ठभूमीचा रंग पणतीच्या आत येऊ नये असे वाटत असेल, तर या क्रमाला एक अपवाद करावा. पणती आधी उमटवावी. मग तोच ठसा पातळ कागदावर उमटवून ती आकृती काठाकाठाने कापून घ्यावी आणि पत्रावरील पणतीवर झाकण म्हणून ठेवावी. आता वरून स्टेन्सिल धरून रंग टिपला, तरी पणती कोरी राहते. हेच झाकण दुसऱ्या एका कामीही येते. ते ठेवून त्याच्या काठावर दुसरी पणती उमटवली, तर झाकण उचलल्यावर दुसरी पणती पहिलीच्या मागे उभी असल्यासारखी दिसते, आणि एका ठशातून पणत्यांची ओळ मागे मागे जात असल्याचा भास होतो.

८. दहा पत्रे : आरंभापासून अखेरपर्यंत

आता सर्व एकत्र करू. दहा पत्रांचे काम एकेक पत्र पुरे करीत केले तर फार रेंगाळते. टप्प्याटप्प्याने केले तर सुरळीत होते.

पहिल्या दिवशी पाच कार्डशीट कापून दहा घड्या कराव्या आणि जाळीची एक स्टेन्सिल कापावी : एका सेंटिमीटरच्या चौकटी आखून प्रत्येकीत एक चौकोनी शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी कापली, तरी वाड्याच्या गवाक्षासारखी नक्षी होते. पणतीचा ठसा त्याच दिवशी कोरून सहाव्या कार्डशीटवर तपासावा.

दुसऱ्या दिवशी दहाही पत्रांवर पणतीचा ठसा खालच्या तृतीयांशात उमटवावा. शाई वाळली, की झाकण ठेवून वरच्या भागावर जाळीतून निळा रंग टिपावा. ज्योतीच्या आसपास फिका, कडांकडे गडद. येथेच उजेडाचा निम्मा भास सिद्ध होतो.

तिसऱ्या दिवशी पेन्सिली घ्याव्या. ज्योत, पणतीचे पोट, तिची सावली, आणि ज्योतीभोवतीच्या जाळीच्या कडांवर पिवळ्याचे हलके वलय. पत्राच्या आत मजकुरासाठी चारही बाजूंस बोटभर समास सोडून स्वतःच्या अक्षरात लिहावे. छापलेल्या शुभेच्छांपेक्षा ज्याला पत्र पाठवावयाचे त्याच्या नावाने आरंभ केलेल्या दोन ओळी अधिक पोहोचतात. शेवटी गाव आणि तारीख घालावी, कारण असे पत्र पुष्कळदा जपून ठेवले जाते.

९. एका संचातून वर्षभर

हे तीन दिवसांचे काम झाल्यावर हाती जो संच राहतो, तो दिवाळीपुरता नाही. जाळीची स्टेन्सिल पाडव्याच्या गुढीमागे लागते, संक्रांतीच्या तिळगुळाच्या पत्रावर लागते; नवा ठसा मात्र एकेका सणाला एक कोरावा, म्हणजे काही वर्षांत चांगली पेटी भरते. रेषा आणि क्षेत्र यांची जबाबदारी ठशाने आणि स्टेन्सिलने एकदा उचलली, की पेन्सिल प्रत्येक पत्रात निराळी वागण्यास मोकळी होते : मावशीच्या पणतीची ज्योत सोनेरी, मित्राच्या पणतीची लालसर, आणि परदेशी असलेल्या लेकीच्या पत्रात पणतीखाली तिच्या घराच्या फरशीची रंगसंगती. दहा पत्रांची आखणी एक, आणि तरीही त्यांतील कोणतीही दोन सारखी नाहीत, हे साधते ते याच कारणाने; आणि इतके साधले, म्हणजे चित्र काढता येते की नाही हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.